घरातल्या जुन्या जखमा, आजची चिंता आणि उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंतेचा त्रास आणि त्यामागचा घरातला इतिहास यांबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत, ओळख पटेल असे तपशील काढून. या क्षणी जीव नकोसा झाला असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२.

१. माझा स्वभावच काळजी करण्याचा आहे की हा आजार आहे? कसं ओळखायचं?

परीक्षा, हप्ते, घरातलं आजारपण यांची काळजी सगळ्यांनाच असते आणि कारण मिटलं की तीही ओसरते. काळजीला कारण लागेनासं झालं की मात्र लक्ष द्यावं. एक काळजी संपली की मन दुसरी शोधून आणतं. असं सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवशी होत असेल आणि सोबत झोप उडणं, मान-खांदे आखडणं, चिडचिड, कामात लक्ष न लागणं असेल, तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. अचानक धडधड सुरू होऊन, हातपाय गार पडून ‘आता मी मरणार’ असं वाटणं आणि दहाएक मिनिटांत त्याचा कळस होणं, हा पॅनिक अ‍ॅटॅक.

स्वतःला विचारायला सगळ्यात उपयोगी प्रश्न असा : चिंतेपायी मी काय काय करायचं सोडलंय? लोकलचा प्रवास, अनोळखी नंबरचा फोन उचलणं, लग्नकार्याला जाणं. ही यादी वाढत चालली असेल तर वाट पाहू नका.

मनाचे उपचार सुरू करण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हुबेहूब अशीच धडधड आणि थरथर होते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ईसीजी काढा, ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. आणि दिवसाचे चहा मोजा. हसू नका, बऱ्याच जणांचा आकडा त्यांनाच धक्का देतो.

२. लहानपणी जे झालं ते कधीच संपलं. त्याचा आजच्या धास्तीशी काय संबंध?

वडील पिऊन घरी यायचे अशा घरातली मुलं जिन्यावरच्या पावलांवरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखायला शिकतात. भांडं आदळल्याच्या आवाजावरून आईचा मूड कळतो. धाकट्याला घेऊन कुठल्या खोलीत जायचं, अभ्यासाचं पुस्तक कधी उघडून बसायचं, हे सगळं ठरलेलं असतं. तेव्हा ते उपयोगी होतं, त्यानं मार चुकत होता. सतत पहाऱ्यावर राहण्याची ती सवय घर सुटलं तरी सुटत नाही. मग पस्तिसाव्या वर्षी साहेब नुसतं ‘जरा आत या’ म्हणाले तरी घाम फुटतो आणि नवरा गप्प बसला की ‘माझं काय चुकलं?’ सुरू होतं. मेंदूचा धोका ओळखणारा भाग विचार करणाऱ्या भागाच्या आधी धावतो, म्हणून ‘आता काही भीती नाही’ हे पटत असूनही शरीर ऐकत नाही.

याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यात १७,००० हून अधिक प्रौढ होते. लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड, हेळसांड असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडे महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतल्या मुलांशी बोलणं झालं, तेव्हा दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे हा प्रश्न चार ‘बिघडलेल्या’ घरांपुरता नाही.

त्या अभ्यासावर बेतलेली दहा प्रश्नांची चाचणी मोबाइलवर फिरत असते. त्यात आकडा मोठा आला म्हणून घाबरू नका. हजारो लोकांकडे एकत्र पाहिलं की जे दिसतं, ते एका माणसाचं भविष्य नसतं. त्याच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला होत नाही, हेही रोजचंच आहे. एखादी आजी, मामा किंवा शाळेतल्या बाई आधाराला होत्या का, यानं फार फरक पडतो.

३. आमच्याकडे मारहाण नव्हती. खायला-प्यायला, शाळेला काही कमी नव्हतं. मग याला आघात, म्हणजे मनावरची खोल जखम, म्हणायचं का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण ‘माझं काही फार नाही हो’ असं म्हणून सुरुवात करतात.

आठ-आठ दिवसांचा अबोला घ्या. आई जेवायला वाढते, पण बोलत नाही. का, ते सांगत नाही. मूल आपलं काय चुकलं ते शोधत घरभर फिरतं आणि शेवटी न केलेल्या गोष्टीची माफी मागतं. किंवा आईवडिलांच्या भांडणात सहावीतल्या मुलीनं निरोप पोचवायचे, आईचं रडणं ऐकून घ्यायचं, धाकट्यांचा डबा भरायचा आणि वर ‘किती समजूतदार आहे’ म्हणून कौतुक व्हायचं. चारचौघांत रंगावरून, मार्कांवरून, चुलतभावावरून टोमणे. यात अंगावर वळ उठत नाही, परिणाम मात्र उठतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शिस्तीचे वडील, एखादी चापट, न मिळालेली सायकल या प्रत्येक गोष्टीला आघात म्हणायची अलीकडे फॅशन झाली आहे, ती आम्हाला पटत नाही. आणि उपचारासाठी त्या शिक्क्याची गरजही नाही. आज त्रास होतोय, एवढं कारण पुरतं.

४. नेमकं कुणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सगळे सारखेच वाटतात.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. या तिघांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. निदानाच्या चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिणाऱ्यांचं शिक्षण मात्र एमए सायकॉलॉजीपासून शनिवार-रविवारच्या कोर्सपर्यंत काहीही असू शकतं. म्हणून तीन गोष्टी विचारा : शिक्षण काय, आघाताच्या उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि स्वतःच्या केसेसबद्दल वरिष्ठांशी चर्चा करता का. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

झोप-भूक पार गेली असेल, कामावर जाणं बंद झालं असेल, मरणाचे विचार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. नाहीतर सुरुवात कुठूनही करा, गरज पडली की एक दुसऱ्याकडे पाठवतो.

५. एका सेशनचे हजार-दीड हजार परवडत नाहीत. काही मार्ग?

आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. केसपेपर काढून जाता येतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात चिंतेचे रुग्ण रोज येतात, तिथे गेलं म्हणजे भरती करतात असं नाही. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही हा विभाग असतो. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. फोनवर बोलायचं तर वर दिलेलं १४४१६ आहेच, शिवाय मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा आहे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे.

सरकारी दवाखान्यात गर्दी असते आणि दर वेळी तोच माणूस भेटेल याची खात्री नसते; आघाताच्या उपचारात ही अडचण खरी आहे. तरी निदान आणि औषध तिथे, आणि थेरपी महिन्यातून दोनदा बाहेर, असं अनेक जण जमवतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण बऱ्याच पॉलिसी फक्त भरती झाल्यावरचा खर्च देतात, त्यामुळे थेरपीची फी त्यात बसत नाही. पॉलिसीत ‘ओपीडी’ शब्द शोधा.

६. थेरपीत होतं तरी काय? नुसतं बोलून कसं बरं वाटेल?

नुसतं बोलणं नसतं. पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यात जातात : त्रास कधीपासून, घरात कोण, औषधं कोणती, आधार कुणाचा. मग दोघं मिळून ठरवता की काय बदललं पाहिजे. ‘बरं वाटायला हवं’ यापेक्षा ‘बहिणीच्या साखरपुड्याला तास-दोन तास थांबता यायला हवं’ हे चांगलं उद्दिष्ट.

चिंतेवर सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी. तिचा पाया अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. तिची भावंड शोभावी अशी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ती प्रत्यक्षात कशी चालते ते एका बनवलेल्या उदाहरणावरून पाहू. साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही. मनात लगेच : ‘चिडले असणार, आता नोकरी जाणार.’ पोटात गोळा. मग तुम्ही रात्री अकराला पुन्हा मेल करता, माफी मागता. हे सगळं कागदावर मांडलं जातं : प्रसंग, विचार, शरीर, कृती. विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय? असा विचार पहिल्यांदा कधी आला होता? इथे बहुतेक वेळा घर येतं, वडिलांची गप्प बसण्याची रीत येते. आणि मग गृहपाठ : पुढच्या वेळी चोवीस तास दुसरा मेल करायचा नाही, काय होतं ते लिहून आणायचं.

बदल घडवतो तो हा गृहपाठ. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं, ठरवून सामोरं जायचं. लोकलची भीती असेल तर आधी नुसतं फलाटावर उभं राहायचं, मग दुपारच्या रिकाम्या गाडीतून एक स्टेशन, मग गर्दीची वेळ. टाळल्यानं भीती वाढते हे शरीराला अनुभवातूनच कळतं, सांगून कळत नाही. जिथे खरा धोका आहे तिथे हे करायचं नसतं. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

७. जुनं सगळं खणून काढावं लागेल का? मला ते पुन्हा आठवायचं नाही.

पहिल्याच दिवशी ‘सगळं सांगा’ म्हणणारा थेरपिस्ट घाईत आहे. आधी झोप, रोजचा दिनक्रम, घाबरायला झालं की स्वतःला सावरण्याची साधनं (पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तू मनात म्हणणं, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवणं) आणि विश्वास. मग गरज असेल तरच आठवणींवर काम. अनेकांची चिंता त्या टप्प्यापर्यंत न जाताच आटोक्यात येते.

दचकून जाग येणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडणं असं चालू असेल, तर मात्र आठवणींवर नेमकं काम करणाऱ्या पद्धती आहेत. आघात-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली केली. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण पद्धत अभ्यासलेली आहे. दीर्घकाळ, सुटका नसलेल्या परिस्थितीत सोसलेल्या आघाताला १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आजार-वर्गीकरणात स्वतंत्र निदान मिळालं आहे.

कुठल्याही क्षणी ‘आज इथेच थांबू’ म्हणायचा हक्क तुमचा. आणि संमोहनानं ‘दडलेल्या आठवणी’ बाहेर काढून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सुचवल्यानं खोट्या आठवणी तयार होऊ शकतात आणि त्यांनी घरं मोडतात.

८. किती दिवस लागतील?

निव्वळ चिंताविकारासाठी आठवड्याला एक अशा साधारण १२ ते २० भेटी. मागे मोठा आघात असेल तर जास्त, कधी वर्षभर. पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त रडू येऊ शकतं. सहा-सात भेटींनंतरही रोजच्या जगण्यात काहीच हललं नसेल तर ते थेरपिस्टला स्पष्ट विचारा.

९. गोळ्या घ्याव्याच लागतील का? सवय लागते म्हणतात.

‘गोळी’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं रोज घ्यायची. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी होते. यांचं व्यसन लागत नाही, पण मनानं एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं.

दुसरा गट क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांचा. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणूनच धोका. सवय लागते ती यांची. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक. शेजारच्या काकूंच्या डब्यातली घेऊ नका. बरेच दिवस घेत असाल तर एकदम सोडूही नका, फिट येऊ शकते.

त्रास सौम्य असेल तर नुसती थेरपी पुरते. जास्त असेल तर दोन्ही.

१०. थेरपी म्हणजे आईवडिलांना दोष देणं का? आणि शेवटी त्यांना माफ करावंच लागेल का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम असतात : ‘त्यांनी फार छळलं’ आणि ‘त्यांनी माझ्यासाठी किती सोसलं’. दोन्ही खऱ्या असू शकतात आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, घरात पैसा येईना, वडील पिऊ लागले. गिरणगावातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आईला मुलांना जवळ घेणं कुणी शिकवलं नव्हतं. हे समजून घेतल्यानं त्या माणसांकडे बघण्याची नजर बदलते. पाठीवर बसलेला पट्टा मात्र बसलेलाच असतो.

आमचं मत स्पष्ट आहे : बरं होण्यासाठी आईवडिलांचा निकाल लावण्याची गरज नाही. त्यांनी कबूल करावं, माफी मागावी, मग मला मोकळं वाटेल, अशी अट घातली की तुमच्या झोपेची किल्ली त्यांच्या हातात जाते. बहुतेक आईवडील कबूल करतही नाहीत. ‘आम्ही काय कमी केलं तुला?’ हेच उत्तर येतं, नाहीतर आईचं बीपी वाढतं. त्यांच्याशी बोलायचं असेल तर जरूर बोला, पण थेरपीत तयारी करून, आणि उत्तरात काहीच मिळणार नाही असं धरून.

माफीचंही तेच. काहींना ती वाटते, काहींना कधीच नाही. दोघंही बरे होतात. ‘मातृदेवो भव’ ऐकवून माफीची घाई करणाऱ्यांकडे, मग ते कीर्तनकार असोत की समुपदेशक, दुर्लक्ष करा.

११. मी अजून त्याच घरात राहते. उपचारांचा उपयोग होईल?

कटकट, टोमणे, अबोला असेल तर होतो, फक्त वेग कमी. वन रूम किचनमध्ये ऑनलाइन सेशनला खाजगी जागा मिळणं हीच पहिली लढाई. गच्ची, बंद गाडी, मैत्रिणीचं घर असं काहीतरी शोधावं लागतं. भेटीची वेळ घरच्यांना ‘क्लास’ म्हणून सांगितलीत तरी आम्ही काही म्हणणार नाही.

मारहाण आजही चालू असेल तर ती भीती आजार नव्हे, ती बरोबर आहे, आणि आधी सुरक्षितता. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे; मुलगी, बहीण, आई यांनाही त्याखाली संरक्षण मागता येतं.

१२. वडील अजून पितात. ते थांबल्याशिवाय मी कसा बरा होणार?

ते थांबण्याची वाट पाहू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून रुग्णाइतकंच घरच्यांशीही काम करतं, आणि व्यसनी माणसाच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. वडील उपचाराला तयार नसले तरी त्या सभेला तुम्ही एकटे जाऊ शकता. बाटल्या लपवणं, उधारी फेडणं, ऑफिसात त्यांच्या वतीनं खोटं बोलणं यातलं काय थांबवायचं, हे तिथे अनुभवी लोक सांगतात.

१३. मी सांगितलेलं घरच्यांपर्यंत जाईल का? पोलिसांपर्यंत?

मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७ च्या कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. आई फोन करून ‘काय म्हणाली ती?’ विचारेल, उत्तर मिळता कामा नये. अपवाद आहेत : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल तर. अठराच्या आतल्यांच्या बाबतीत पालकांना काही माहिती द्यावी लागते. आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे तुमच्यावर अत्याचार करणारा काका आजही घरातल्या लहान मुलांजवळ असेल, तर ते बोलण्याआधी ‘यावर तुम्हाला काय करावं लागेल?’ हे थेरपिस्टला विचारून घ्या. विचारा, पण त्या मुलांसाठी शेवटी बोला.

मरणाचे विचार सांगितले तर गुन्हा दाखल होतो, ही भीती सोडा. विचार हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ चा कायदा तीव्र तणावाखाली असलेलाच धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ उरलेलं नाही.

१४. मीच आता मुलावर ओरडते, हात उगारते. मी आईसारखीच झाले का?

हा प्रश्न तुमच्या आईनं बहुधा कधी विचारला नव्हता. ओरडणं एका दिवसात थांबत नाही, पण ओरडल्यानंतर काय करायचं ते आजपासून बदलता येतं. शांत झाल्यावर मुलाजवळ बसून ‘मी ओरडले, ते चुकलं, तुझं काही चुकलं नव्हतं’ एवढं म्हणा. मग त्याच्याकडून ‘असू दे’ची अपेक्षा करू नका. आणि थेरपीत हाच प्रसंग आणा, प्रश्न ६ मधल्या कागदावर मांडायला.

१५. परदेशात राहतो. इथल्या थेरपिस्टला ‘एकत्र कुटुंब’ समजावण्यातच अर्धा तास जातो. भारतातून ऑनलाइन घेऊ का?

घेता येईल; आईशी झालेलं भांडण ज्या भाषेत झालं त्याच भाषेत सांगता येणं मोठी सोय आहे. पण संकटाच्या वेळी पुण्यातला थेरपिस्ट तुमच्या दारात मदत पाठवू शकत नाही आणि तिथलं औषधही लिहून देऊ शकत नाही. म्हणून स्थानिक डॉक्टर एक ठेवाच. परवान्याचे नियम देशागणिक, अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळे आहेत.

१६. थेरपिस्ट पटला नाही तर? की माझंच चुकतंय?

एक-दोन भेटींत सूर जुळला नाही तर बदला. हे नेहमीचं आहे, वाईट वाटून घेऊ नका. ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’, ‘ग्रहांची शांत करून घ्या’, भेटीत स्वतःच्याच सासूचं गाऱ्हाणं, नको असलेला स्पर्श, बाहेर भेटायचा आग्रह : यातलं काही झालं तर लगेच बंद करा. पण थेरपिस्टनं एखादी अवघड गोष्ट बोलून दाखवली आणि पुढच्या भेटीला जावंसं वाटेना, तर आधी एकदा जाऊन तेच सांगा. वडिलांसमोर कधी बोलता आलं नव्हतं, इथे बोलून बघता येईल.

१७. ज्या वडिलांनी मारलं तेच आता अंथरुणाला खिळलेत. सेवा मलाच करावी लागते. खोलीत गेलं की हात थरथरतात, आणि त्यांना तर काही आठवतही नाही.

हा प्रश्न मुलींकडून आणि सुनांकडून जास्त येतो, रात्री उशिरा येतो.

आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलांवर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाण्याची जबाबदारी टाकतो. रोज अंग पुसायला, डायपर बदलायला तुमचेच हात हवेत असं तो म्हणत नाही. सेवेकरी बाई किंवा ब्रदर ठेवणं, भावंडांकडून पैसे आणि पाळ्या ठरवून घेणं, आंघोळ-शौचाचं काम दुसऱ्याकडे देऊन औषधांचा हिशेब आणि डॉक्टरांच्या भेटी स्वतःकडे ठेवणं, असं वाटून घ्या. नातेवाईक बोलतील. बोलणाऱ्यांना एक रात्रपाळी द्या.

पैशांअभावी दुसरा मार्गच नसेल तर खोलीत जाण्याचं काम लहान तुकड्यांत करा : दहा मिनिटं, दार उघडं, शक्यतो घरात दुसरं कुणी असताना. बाहेर आल्यावर थंड पाण्यानं हात धुवा, पाचेक मिनिटं खिडकीशी उभं राहा, मग पुढचं काम. थेरपिस्टला ही परिस्थिती आधीच सांगा, कारण अशा दिवसांत जुन्या आठवणींवरचं काम बहुधा थांबवतात आणि प्रश्न ७ मधल्या सावरण्याच्या साधनांवरच भर देतात.

ते गेल्यावर रडू आलं नाही, किंवा सुटल्यासारखं वाटलं, किंवा तेराव्याच्या जेवणात एकदम हुंदका फुटला, तरी त्यात बिघडल्यासारखं काही नाही. महिना-दोन महिन्यांनी झोप पुन्हा उडाली तर तेवढ्यासाठी एक-दोन भेटी घ्या. केस बंद झाली होती म्हणून कुणी परत पाठवत नाही.